गुडघ्याचे गणित आणि जमिनीवरची बैठक

दिवाळीच्या मागेपुढे महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालू राहते. गादीवाफ्यांमधल्या अरुंद सरीत उकिडवे बसावयाचे, पिकलेले फळ देठासह खुडावयाचे आणि न उठताच पाऊलभर पुढे सरकावयाचे, असा या कामाचा क्रम असतो. ते बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येते. या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची कीर्ती देशभर पसरली आणि महाबळेश्वरचा प्रवासी थंड हवेइतकाच या फळासाठीही येऊ लागला. मात्र ज्या गुडघ्यांच्या आणि खुब्यांच्या बळावर ही तोडणी होते, त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. शेतातले काम आटोपून घरी आल्यावरही बैठक बदलत नाही. भाकरी थापणे, भांडी घासणे, पंगतीला बसणे, शौचास जाणे ही सारी कामे जमिनीलगतच होतात. वयाच्या साठीत सांधा झिजला, की या साऱ्या जीवनक्रमावरच घाला येतो.

अशी एखादी स्त्री सातारा, कराड, मिरज किंवा पुणे येथील रुग्णालयात गेली आणि झीज फार झालेली असली, तर तिला गुडघा किंवा खुबा बदलण्याचा सल्ला मिळतो. शस्त्रक्रिया यशस्वी होते, वेदना जाते, चालणे सुधारते. परंतु घरी परतताना एक सूचना बहुधा दिली जाते : यापुढे खाली बसू नका, मांडी घालू नका, कमोड वापरा. शहरातल्या नोकरदार कुटुंबाला ही सूचना पाळणे फारसे अवघड जात नाही. डोंगरउतारावरच्या वाडीत त्याच सूचनेचा अर्थ वेगळा होतो. तेथे जमिनीवर न बसणे म्हणजे वाफ्यातून, चुलीपुढून आणि पंगतीतूनही उठणे होय. दुखरा सांधा गेला, पण त्याबरोबर रोजगार आणि घरातले स्थानही गेले, असा हा व्यवहार ठरण्याची भीती असते.

या सूचनेचा आधार काय, ती प्रत्येक रुग्णाला सरसकट लागू पडते काय, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच याचा अंदाज बांधता येईल काय, हे प्रश्न आता नव्या स्वरूपात विचारता येतात. कारण सांध्याची हालचाल संगणकाच्या पडद्यावर आधीच घडवून पाहणाऱ्या प्रणाली गेल्या दोन-तीन दशकांत वापरात आल्या आहेत. त्या शल्यचिकित्सेचे एक उपयुक्त साधन आहेत, याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की या साधनाला कोणती हालचाल करून दाखवावयास सांगितले जाते, आणि ते ठरवतो कोण.

छेदचित्रांपासून हालचालीपर्यंत

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड कातडी न फाडता दिसू लागले. परंतु ते दिसे सपाट सावलीच्या रूपाने. पुढची मजल १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये गाठली गेली. लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनविलेल्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली आणि सीटी स्कॅनचे युग सुरू झाले. हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक या दोघांना १९७९ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास सांधेरोपणाची शस्त्रक्रियाही स्थिरावत होती. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी कृत्रिम खुब्याला आजचे रूप दिले. न्यूयॉर्कमध्ये १९७४ च्या सुमारास जो कृत्रिम गुडघा आकारास आला, त्याच्या घडणीत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर चित्तरंजन राणावत या भारतीय शल्यचिकित्सकाचाही वाटा होता. छेदचित्रे आणि सांधेरोपण हे दोन प्रवाह संगणकाने एकत्र आणले.

याची रीत समजावयास कठीण नाही. स्कॅनचे यंत्र सांध्याचे सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असे शेकडो छेद टिपते. संगणकप्रणाली प्रत्येक छेदातील हाडाची कडा वेगळी काढते. हे छेद एकावर एक रचले, की खुब्याची उखळी आणि त्यात बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा यांचा घनाकार पडद्यावर उभा राहतो. पुढचे काम भूमितीचे. गोळ्याचा मध्य शोधून त्याभोवती मांडीचे हाड अंशाअंशाने वाकवले जाते, बाजूला नेले जाते, आत किंवा बाहेर वळवले जाते. ज्या अंशाला हाड हाडावर आपटते, तेथे प्रणाली थांबते आणि आपटण्याची जागा दाखवते. मग शल्यचिकित्सक पडद्यावरच तेथला उंचवटा काही मिलिमीटर तासून पाहतो, किंवा कृत्रिम वाटीचा कोन बदलतो, आणि तीच हालचाल पुन्हा करवून घेतो. चौकटीला दार कोठे घासते हे पाहण्यासाठी सुतार ते आधी फिरवून बघतो आणि मग रंधा हाती घेतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे रंधा फिरल्यावर चूक दुरुस्त करण्याची संधी क्वचितच मिळते.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेल्या विचाराने या तंत्राला मोठी चालना दिली. तरुण वयातच खुबा झिजण्यामागे पुष्कळदा हाडांच्या आकारातील लहानसा दोष असतो, त्यामुळे सांधा खोल वाकताना हाडांची घासाघीस होते आणि कूर्चा फाटत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. हा दोष साध्या क्ष-किरणचित्रात दिसतोच असे नाही. हालचाल करून पाहिली म्हणजे तो उघड होतो. किती हाड तासावे हेही त्यावरून ठरवता येते. कमी तासले तर दुखणे राहते, अधिक तासले तर हाड दुबळे होते.

गुडघ्याचे गणित याहून अवघड. गुडघा बिजागरीसारखा दिसतो, पण तो बिजागरी नव्हे. वाकताना मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते आणि सरकते, आणि नडगी आतल्या बाजूस वळत जाते. उकिडवे बसल्यावर मांडीचा मागचा भाग पोटरीला टेकतो आणि भाराची सारी वाटणीच बदलते. म्हणून गुडघ्याच्या प्रणालींना हाडांबरोबर अस्थिबंधांच्या ताणाचाही हिशेब करावा लागतो. आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत जे यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारे गुडघेरोपण जाहिरातींतून दिसते, त्यातील काही पद्धतींच्या मुळाशी असेच छेदचित्रांवर आधारलेले नियोजन असते.

खुर्चीचे माप

येथपर्यंतची कथा प्रगतीची आहे. परंतु संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. चालताना किती वाकेल, जिना उतरताना काय होईल, खुर्चीवरून उठताना सांधा निखळेल काय, असे विचारले तर तो तेवढेच सांगतो. उकिडवे बसण्याविषयी विचारलेच नाही, तर त्याविषयी तो काही बोलणार नाही. आणि या प्रणाली ज्या देशांत घडल्या, तेथील माणसाचा दिवस खुर्ची, पलंग आणि मोटार यांच्या उंचीवर जातो. त्यामुळे हालचालींची यादीही स्वाभाविकपणेच त्या उंचीला येऊन थांबली.

आकडे पाहिले म्हणजे हे अंतर ध्यानात येते. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारणपणे ६० ते ७० अंश वाकतो. जिना चढणे-उतरणे आणि खुर्चीवरून उठणे यांना ९० ते १०० अंशांच्या आसपासचे वाकणे बहुतेक पुरते. पूर्ण उकिडवे बसावयाचे तर १३० अंशांपासून १५० अंशांपर्यंत, आणि काही जणांच्या बाबतीत त्याहूनही अधिक वाकावे लागते. रोपण केलेला गुडघा सर्वसाधारणपणे १०० ते १२० अंश वाकतो. म्हणजे युरोप-अमेरिकेतील वृद्धाच्या दिनक्रमाला जी शस्त्रक्रिया जवळजवळ पूर्ण यश ठरते, तीच महाबळेश्वरच्या वाडीत अर्ध्या वाटेवर थांबते. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या कौशल्याचा यात दोष नाही. यशाचे माप दुसऱ्या घरातून आणलेले आहे.

खुब्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक सूक्ष्म रूपाने आढळते. सीटी स्कॅन रुग्णाला उताणे निजवून काढला जातो. खुब्याची उखळी हा श्रोणीचा, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचा भाग असतो, आणि या कड्याचा कल निजल्यावर एक, उभे राहिल्यावर दुसरा व बसल्यावर तिसरा असतो. अमेरिकेतील लेविनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कृत्रिम वाटीच्या कोनाची एक सुरक्षित मर्यादा सांगितली होती. कित्येक वर्षे ती प्रमाण मानली गेली. पुढे असे दिसून आले, की त्या मर्यादेत बसवलेले सांधेही निखळतात. याचे एक कारण श्रोणीचा हा बदलता कल हे होय. ज्याच्या कमरेचे मणके ताठ झाले आहेत, त्याची श्रोणी बसताना पुरेशी मागे कलत नाही आणि सांधा निखळण्याचा धोका वाढतो. म्हणून आता शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची उभे राहून आणि बसून अशी दोन क्ष-किरणचित्रे घेण्याची पद्धत पडू लागली आहे. सुधारणा योग्यच आहे. पण ही बसण्याची जी ठरीव पद्धत आहे, ती खुर्चीवर बसण्याची. पाटावर मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यावर श्रोणी कोठे जाते, हे त्या चित्रात येत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. 'खाली बसू नका' या एका वाक्यात अनेक वेगवेगळ्या हालचाली एकत्र बांधल्या जातात. मांडी घालताना मांडीचे हाड बाहेरच्या बाजूस वळते. उकिडवे बसताना खुबा आणि गुडघा दोन्ही खोल वाकतात. आणि जमिनीवरून उठताना पुष्कळ जण गुडघा आत वळवून, हात टेकून, अंग एका बाजूला झोकतात. मागच्या बाजूने बसवलेल्या कृत्रिम खुब्याला खोल वाकणे आणि त्याच वेळी आत वळणे हे विशेष धोक्याचे असते. मांडी घालताना वळण याच्या उलट, बाहेरच्या बाजूचे असते. तेव्हा एखाद्या रुग्णाला मांडी घालणे चालेल, पण उठण्याची रीत बदलावी लागेल, तर दुसऱ्याला दोन्ही वर्ज्य राहतील, असे वेगवेगळे निष्कर्ष निघू शकतात. सरसकट मनाईच्या जागी माणसामाणसाचा स्वतंत्र विचार करता येणे हीच या प्रणालींची खरी शक्ती होय. ती शक्ती खुर्चीवरच खर्ची पडत असेल, तर साधन नवे आणि सल्ला जुना, अशी स्थिती कायम राहील.

शल्यचिकित्सकांची बाजू

याचा अर्थ शल्यचिकित्सक केवळ पाश्चात्त्य पुस्तकांचे अनुकरण म्हणून मनाई करतात, असा काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या सावधगिरीला अनुभवाचा आधार आहे. आशियातील रुग्णांना जमिनीवर बसावे लागते, हे कृत्रिम सांधे बनविणाऱ्या कंपन्यांच्या ध्यानात या शतकाच्या आरंभापूर्वीच आले होते, आणि 'अधिक वाकणारे' म्हणून काही खास गुडघे बाजारात आले. त्यांच्याविषयी मोठी अपेक्षा होती. परंतु साध्या कृत्रिम गुडघ्यांशी त्यांची तुलना झाली, तेव्हा रुग्णाच्या प्रत्यक्ष वाकण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे बऱ्याच अंशी तो आधी किती वाकत होता यावर अवलंबून राहते, हे जुने सूत्रच खरे ठरले.

दक्षिण कोरियातील शल्यचिकित्सकांनी २००७ साली जे प्रसिद्ध केले, ते याहून गंभीर होते. अशाच प्रकारच्या ७२ गुडघ्यांपैकी २७ गुडघ्यांत मांडीच्या हाडावर बसवलेला भाग सरासरी ३२ महिन्यांत सैल झाल्याचे त्यांना आढळले, आणि उकिडवे बसणाऱ्या, गुडघे टेकणाऱ्या व मांडी घालणाऱ्या रुग्णांत त्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे गुडघा वाकतो की नाही, एवढे पाहून भागत नाही. वाकलेल्या अवस्थेत त्यावर किती भार पडतो आणि तो भार जोड किती वर्षे सोसतो, हेही पाहावे लागते. पडद्यावर हाड हाडाला आपटत नाही, एवढ्यावरून रुग्णाला वाफ्यात उकिडवे बसण्याची मोकळीक देणे हे बेजबाबदारपणाचे ठरेल.

प्रणालींच्या स्वतःच्या मर्यादाही मोठ्या आहेत. ज्या केवळ हाडांचा आकार पाहतात, त्यांना कूर्चा, अस्थिबंध, स्नायू आणि चरबी दिसत नाही. जिवंत सांधा या साऱ्यांमुळे हाडे भिडण्याच्या कितीतरी आधीच थांबतो. त्यामुळे पडद्यावरचे वाकणे प्रत्यक्षापेक्षा अधिक निघण्याचा संभव असतो. शिवाय गोळ्याचा मध्य काढण्यात थोडी चूक झाली, तरी पुढचे सारे कोन चुकतात. पडद्यावर फिरणारे रंगीत हाड पाहून रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या मनावर जो प्रभाव पडतो, तो या मर्यादा झाकून टाकतो. छायाचित्राला माणूस पुरावा मानतो. पण पडद्यावरचे हे चलच्चित्र म्हणजे गृहीतांवर उभारलेला एक अंदाज होय.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या म्हणजे निष्कर्ष स्पष्ट होतो. जमिनीवरच्या बैठकीचा प्रश्न अवघड आहे, म्हणूनच त्याचे मोजमाप झाले पाहिजे. अवघड म्हणून तो यादीतून वगळणे हा शास्त्रीय मार्ग नव्हे.

देशी प्रयत्नांचा धडा

परदेशी साधन आपल्या जमिनीला जुळवून घेण्याचा अनुभव या देशाला नवा नाही. जयपूरचे डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जो कृत्रिम पाय घडवला, त्याची कथा सर्वश्रुत आहे. पाश्चात्त्य बनावटीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. तो घालून शेतातल्या चिखलात चालता येत नसे आणि उकिडवेही बसता येत नसे. पाय मिळूनही रुग्ण तो कोपऱ्यात ठेवून कुबड्या घेऊन वावरत. सेठी-शर्मा यांनी प्रथम पाहिले ते रुग्णाच्या दिवसाकडे, आणि मग रबर व लाकूड हाती घेतले. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याहून मोठी पावती म्हणजे तो पाय घालून असंख्य माणसे शेतावर परतली.

महाराष्ट्रातही या दिशेने कामे झाली आहेत. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या हाडांची मापे आणि बैठक विचारात घेऊन 'इंडस' हा कृत्रिम गुडघा तयार केला. पवईच्या आयआयटीत ऑर्थोकॅड या नावाने चाललेल्या संशोधनात छेदचित्रांवरून शस्त्रक्रियेचे नियोजन करण्याची देशी संगणकप्रणाली विकसित झाली, आणि हाडांच्या कर्करोगाने गुडघा गमवावा लागणाऱ्या रुग्णांसाठी स्वस्त कृत्रिम सांधा बनविण्याच्या कामात टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक अभियंत्यांबरोबर सहभागी झाले. पुढे २०१४ साली राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने त्याच संस्थेत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले आणि पुणे व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थांत त्याच्या शाखा निघाल्या. डॉक्टर आणि अभियंता एका टेबलाशी बसले तर काय होऊ शकते, याचे हे दाखले आहेत.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांना असे काम अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. मिरजेची वैद्यकीय परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वान्लेस यांनी काढलेल्या रुग्णालयापासून सुरू होते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे. कराडला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अलीकडे साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आहेत. लागणारी साधनेही आवाक्याबाहेरची नाहीत. स्नायू आणि सांधे यांच्या हालचालींचे गणित मांडणारी 'ओपनसिम' ही प्रणाली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ साली सर्वांना विनामूल्य खुली केली. छेदचित्रांवरून घनाकार उभा करणारी 'थ्रीडी स्लायसर' ही प्रणालीही अशीच मुक्त आहे. या प्रणाली संशोधनासाठी आहेत आणि त्यांच्या आधारे रुग्णावर परस्पर निर्णय घेता येणार नाही, ही मर्यादा अर्थातच पाळली पाहिजे. पण अभ्यासाला त्या पुरेशा आहेत.

तो अभ्यास कोणता, हे वेगळे सांगावयास नको. तोडणीच्या हंगामात भिलारच्या किंवा तापोळ्याकडच्या वाफ्यात काम करणारी स्त्री दिवसातून किती वेळा आणि किती वेळ उकिडवी बसते, तिचा गुडघा किती अंश वाकतो, ती कोणत्या पायावर भार देऊन उठते, टोपली उचलताना काय करते, याची मोजणी तिच्या संमतीने आणि तिचे नाव गुप्त ठेवून करणे आज शक्य आहे. अंगावर बांधावयाची लहान मापनयंत्रे आणि साधे कॅमेरे एवढ्यावर ते काम होते. भाताची लावणी, ऊसतोडणी, भाकरी थापणे, शौचास बसणे अशा हालचालींचीही तशीच नोंद व्हावी. ही नोंद प्रसिद्ध झाली, की नियोजनाच्या प्रणाली बनविणाऱ्या कोणालाही ती आपल्या यादीत घालता येईल. देशात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामाच्या संगणकप्रणालीही औषधांप्रमाणे कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत. तेव्हा अशा प्रणालींना परवानगी देताना, त्या कोणत्या माणसांच्या कोणत्या हालचालींवर पारखल्या आहेत, हे जाहीर करण्याचे बंधन घालणे शासनाच्या हाती आहे.

किंमत आणि नोंद

यावर एक आक्षेप निश्चितपणे येईल. जेथे साधी शस्त्रक्रियाच परवडत नाही, तेथे संगणकी नियोजनाची चैन कशाला, असे विचारले जाईल. आक्षेप खोटा नाही. केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वसाधारण वापराच्या धातूचा जो गुडघा सरासरी १ लाख ५८ हजार रुपयांच्या छापील किमतीने विकला जात होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. रुग्णांची किती लूट होत होती, याची कल्पना या दोन आकड्यांवरून येते. मात्र ही मर्यादा सांध्याच्या किमतीवर होती. शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चावर नव्हती. यंत्रमानव आणि संगणकी नियोजन यांची आकारणी एकूण देयकात मिसळून गेली, तर एका बाजूने वाचलेला पैसा दुसऱ्या बाजूने जाऊ शकतो. म्हणूनच हे ज्ञान सार्वजनिक संस्थांच्या हाती असणे अगत्याचे आहे. शिवाय प्रत्येक रुग्णाला सीटी स्कॅन हवाच असे नाही; त्यात किरणांचा मारा असतो आणि साध्या प्रकरणात त्याची गरजही नसते. नियोजनाची ही रीत कोणाला खरोखर लागते, हेही निष्पक्ष अभ्यासानेच ठरेल, विक्रेत्याच्या माहितीपत्रकाने ठरणार नाही.

दुसरी गरज नोंदीची. नियोजन हे भविष्याविषयीचे विधान असते. ते खरे ठरले की खोटे, हे पाच-दहा वर्षांनी कळते. ते पाहणारी यंत्रणा नसेल, तर चूक पुन्हा पुन्हा होत राहते. एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपला सदोष कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला, तेव्हा भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. पुढे शासकीय समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांतील जेमतेम हजारभर रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला होता. बाकीचे कोठे गेले, त्यांच्या खुब्याचे काय झाले, हे सांगणारे दप्तरच नव्हते. ज्या व्यवस्थेला बसवलेला सांधा कोणाच्या शरीरात आहे हे ठाऊक नसते, तिला तो सांधा जमिनीवर बसतो की नाही हे कसे कळणार? प्रत्येक सांधेरोपणाची नोंद सक्तीची व्हावी, आणि त्या नोंदीत वेदना व चालणे यांच्याबरोबर रुग्ण खाली बसतो काय, कामावर परतला काय, हे दोन रकाने असावेत. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. शिस्त लागते, आणि तिचीच आपल्याकडे टंचाई आहे.

यातले सर्वांत स्वस्त काम मात्र कोणत्याही यंत्रावाचून आजच सुरू होऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला त्याचा दिवस विचारणे हे ते काम होय. घरात शौचालय कोणत्या प्रकारचे आहे, स्वयंपाक उभ्याने होतो की बसून, पोटाचा व्यवसाय कोणता, कोणती बैठक सोडता येईल आणि कोणती सोडली तर घर चालणार नाही, हे दहा मिनिटांत समजते. मग शल्यचिकित्सकाला जे शक्य नाही ते त्याने स्पष्ट सांगावे, आणि जे धोक्याचे आहे त्याचा धोकाही सांगावा. कदाचित ती स्त्री शस्त्रक्रिया आणखी दोन हंगाम पुढे ढकलील. कदाचित वाफ्याची उंची वाढवता येईल काय, बसावयास बुटके स्टूल मिळेल काय, तोडणी सोडून प्रतवारीचे काम मिळेल काय, याचा विचार तिचे घर आणि बागायतदार मिळून करतील. हा निर्णय तिचा असला पाहिजे, आणि तो माहितीनिशी झाला पाहिजे.

संगणक हाडाचा आकार कोणत्याही डोळ्यापेक्षा अचूक मोजतो. माणसाला त्या हाडाने काय करावयाचे आहे, हे मात्र त्याला सांगावे लागते. महाबळेश्वरच्या सरीत बसलेल्या बाईला ते विचारण्यासाठी मुंबई-पुण्यापर्यंत जावे लागत नाही. तिच्याच तालुक्यातल्या दवाखान्यात, नोंदवहीच्या पहिल्या पानावर, तो प्रश्न छापलेला असला तरी पुरे.